मागच्या बाकावर कोण?

आमच्या विद्यापीठात भिण्यासारखी माणसं कमी नाहीत. कुलसचिव आहेत, परीक्षा विभागातल्या बाई आहेत, आणि सकाळी कोणाच्याच नमस्काराला उत्तर न देणारे लेखाधिकारी आहेत. नंदकुमार सर यांतल्या कोणालाच भीत नसत. ते भीत मागच्या बाकाला. वर्गातली शेवटची तीन-चार बाकं, जिथे मुलं मोबाईल मांडीवर ठेवून बसतात, तिथे कोण बसलंय हे सरांना दिसत नव्हतं. ही गोष्ट अख्ख्या बुऱ्हाणपुरात त्यांच्या बायकोला म्हणजे वंदनावहिनींना आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक होती.

मी पंकज. अर्थशास्त्र शिकवतो आणि शिक्षकखोलीत सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्याकडे बैठका आणि प्रशिक्षणं इतकी होतात की ज्याचं डोकं तापत नाही त्याचंच डोकं एकदा तपासून घ्यायला हवं. सर माझ्या अगदी उलटे. आवाज चढवणं नाही, कोणाची चहाडी नाही. विषय भूगोल. हातात पुस्तक न घेता वर्गात जायचे, फळ्याकडे वळले की एका दमात तापी काढायचे, आणि मोहना नदी तिला कुठे येऊन मिळते तेसुद्धा न चुकता दाखवायचे. पुस्तक का घेत नाहीत, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. विद्वान माणूस आहे, पाठ असेल सगळं, असं धरून चाललो होतो.

मला कळलं ते एका फ्लेक्समुळे. प्रवेशाचे दिवस होते. गेटवर संस्थेच्या अध्यक्षांचा माणसाएवढा फ्लेक्स कापून उभा केला होता, हात जोडलेला. सर माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचे. स्वतःची स्कूटर त्यांनी कंबरदुखीचं कारण सांगून विकली होती. त्या दिवशी उतरले, दोन पावलं पुढे गेले आणि त्या फ्लेक्सला अदबीने हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब, केव्हा आलात?"

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "काय सर, अध्यक्षांनी उत्तर नाही दिलं वाटतं!"

सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला दुखलं. "पंकज, कोणाले सांगू नको," ते म्हणाले. "मले चेहरे दिसत नाही रे."

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील, आणि यावर औषध नाही. म्हणजे सर जिना चढू शकत, रस्ता ओलांडू शकत, कडेने येणारी रिक्षा त्यांना कळे. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाई. माणूस आवाजावरून ओळखायचे. अक्षर तर केव्हाच गेलं होतं. रोज संध्याकाळी वंदनावहिनी स्वयंपाक करता करता दुसऱ्या दिवसाचा पाठ मोठ्याने वाचून दाखवत, आणि सर भाजी निवडत ऐकत. भाजीत काड्या राहतात म्हणून वहिनी त्यांच्यावर ओरडत, आणि मग ओरडल्याचं वाईट वाटून गप्प होत.

"सांगून टाका ना सर ऑफिसात," मी एकदा म्हटलं. "कायदा आहे. नोकरी जाणार नाही तुमची. पगार जाणार नाही."

"पगार नाही जाणार," ते म्हणाले. "वर्ग जाईल."

ते का भितात हे मला चांगलं माहीत होतं, कारण आमच्यासमोर यादव सर होते. हिंदी शिकवायचे. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ऑफिसने त्यांची सोय केली. हा ऑफिसचाच शब्द. इमारतीच्या मागे कोऱ्या उत्तरपत्रिकांची खोली आहे, तिथे त्यांना खुर्ची दिली. दिवसभर गठ्ठे आत येतात, गठ्ठे बाहेर जातात. खोलीची एकुलती एक खिडकी आमच्या स्कूटर लावायच्या जागेकडे उघडते. रोज सकाळी यादव सर त्या खिडकीतून हात वर करायचे. नंदकुमार सरांना तो हात दिसायचा नाही. मी सांगायचो, मग ते त्या दिशेला हात करायचे आणि भराभरा चालू लागायचे. त्यांना शिकवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. कोऱ्या कागदांच्या त्या खोलीचं नाव काढलं तरी त्यांच्या तळव्यांना घाम यायचा.

अशात अध्यापन केंद्राचं पत्रक आलं. पाच दिवसांचा अध्यापक विकास कार्यक्रम, सर्वांना सक्तीचा. तर हे अध्यापन केंद्र म्हणजे शिक्षकांना शिकवायला शिकवणारा विभाग. दर वर्षी हा कार्यक्रम होतो आणि त्याचं मूल्यमापन कसं होतं ते सांगण्यासारखं आहे. पाचव्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी टेबल लावतात. एका हाताने अभिप्रायाचा कागद द्यायचा, दुसऱ्या हाताने मावा जिलेबीची प्लेट घ्यायची. जिलेबी गरम असते आणि मागे रांग असते, त्यामुळे सगळे सगळ्यांसमोर 'उत्तम' लिहून मोकळे होतात. कार्यक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल निघतो. आमच्या गावच्या मावा जिलेबीने आजवर किती अहवाल तारले असतील, देव जाणे.

या वेळी मात्र केंद्रात नव्या बाई आल्या होत्या. तेजस्विनी मॅडम. तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक अंगाच्या, आणि कामाला चिकटल्या की सोडायच्या नाहीत अशा. पहिल्याच दिवशी त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं की जिलेबी मिळेल, पण अभिप्रायाचा कागद मिळणार नाही. "तुम्हाला कार्यक्रम आवडला का, हे मला विचारायचंच नाहीये. त्यानं वर्गात काही बदललं का, ते बघायचंय. या सत्रात मी न सांगता तुमच्या वर्गात येईन, मागच्या बाकावर बसेन. तुमच्याकडे बघणार नाही, मुलं काय करतात ते बघेन. मी आलेय हे तुम्हाला कळलंही नाही तर उत्तम. ज्यांच्या वर्गात फरक दिसणार नाही त्यांची नावं कुलगुरूंकडे जातील."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मी वैतागून शेजारी बघितलं. सर ताठ बसले होते आणि त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. बाकीच्यांना बाई मागे बसलेल्या निदान दिसणार तरी होत्या.

ते पाच दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. पडद्यावर चित्रं यायची, ती मी कुजबुजून सांगायचो. गटात बसून मोठ्या कागदावर लिहायचं आलं की मी म्हणायचो, सरांचं अक्षर फार वाईट आहे, त्यांना बोलू द्या. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचे तक्ते फिरून वाचायचे होते. सर पोट बिघडल्याचं सांगून बाहेर गेले आणि तो तास संपेपर्यंत नळाशी उभे राहिले. कार्यक्रमात काय शिकवलं ते त्यांच्या कानात शिरलंच नसेल. भ्यालेल्या माणसाला काय शिकवता येतं?

मग सत्र सुरू झालं. माझाही तास त्याच वेळी असल्यामुळे मला त्यांच्या वर्गावर नजर ठेवता येईना. पहिल्या आठवड्यात सर वर्गातून आले की पाण्याची अख्खी बाटली एका दमात रिकामी करायचे. म्हणायचे, "आज होती काय रे ती? तू व्हरांड्यातून गेला होता ना, दिसली काय?" मी नाही म्हणालो तरी विश्वास बसायचा नाही. रात्रीची झोप गेल्याचं वहिनींनी मला फोनवर सांगितलं. त्यांचाही आवाज रडवेला होता. झोपेत सर हजेरी घेतात, म्हणाल्या.

पुढे त्यांनी एक युक्ती काढली. वर्गात शिरलं की नुसती हजेरी घेऊन थांबायचं नाही. प्रत्येकाला काहीतरी बोलायला लावायचं. अगदी मागच्या बाकापर्यंत. ज्याचा आवाज आला तो विद्यार्थी. आवाज आला नाही तर तिथे तेजस्विनी मॅडम. एवढाच हिशेब. पण साठ-सत्तर पोरांना रोज बोलायला लावायचं म्हणजे विचारायला तरी काहीतरी हवं. नुसतं नाव विचारलं तर पोरं हसतील. म्हणून ते विचारू लागले, काल पाऊस तुमच्याकडे कोणत्या बाजूने आला? तुमच्या विहिरीला पाणी किती खोल लागतं? इच्छापुरची पोरं एक सांगायची, धूलकोटची दुसरं, आणि तिथून वाद सुरू व्हायचे.

दुसरी अडचण नकाशांची. मुलांनी काढलेले नकाशे फिरून तपासायचे तर दिसायला हवं. तेव्हा सरांनी जाहीर केलं, नकाशा दाखवायचा नाही, सांगायचा. एकाने आपला नकाशा बोलून दाखवायचा, दुसऱ्याने तो ऐकून फळ्यावर काढायचा, आणि बाकीच्यांनी चुकलं तिथे ओरडायचं. निंबोल्याची कोमल नावाची मुलगी होती, नकाशे सुरेख काढायची. ती पहिल्यांदा उठली आणि हायवेपासून आपल्या केळीच्या बागेपर्यंतचा रस्ता सांगू लागली. फळ्यावरचा मुलगा तिला थेट नाल्यात घेऊन गेला. "अरे भाई, वो तो नाला है!" वर्ग ओरडला. कोमल चिडली, पुन्हा सांगू लागली, या वेळी उत्तर-दक्षिण धरून, अंतर धरून. सर फळ्याकडे पाठ करून नुसते ऐकत उभे. चूक कुठे होते ते त्यांना मुलांच्या ओरडण्यावरून कळायचं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की सर दिवसेंदिवस वाळत चाललेत. एकदा वर्गातून आले ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले.

"आज कोणीतरी होतं," म्हणाले. "खिडकीच्या रांगेत, शेवटून दुसरं बाक. तिकडून आवाजच नाही आला. मी दोनदा विचारलं, कोण आहे तिथे? पोरंही गप्प झाली. मले भलतीच भीती वाटली पंकज. मी तिकडे पाहत होतो आणि तिथे काहीच नव्हतं."

"बाक रिकामं असेल," मी म्हटलं.

"रिकाम्या बाकाशेजारी पोरं अशी सावरून नाही बसत."

त्यांचं बरोबर होतं. तेजस्विनी मॅडमच बसल्या होत्या आणि त्यांनी मुलांना बोटानेच गप्प राहायला सांगितलं होतं. तशा त्या आणखीही येऊन गेल्या. शेवटी सत्र संपता संपता त्यांचा निरोप आला की नंदकुमार सरांनी केंद्रात येऊन भेटावं.

सर म्हणाले, "चल, संपलं." स्कूटर लावायच्या जागेवरून जाताना त्यांनी स्वतःहून यादव सरांच्या खिडकीकडे हात केला. यादव सर तेव्हा खिडकीत नव्हते, पण ते मी सांगितलं नाही.

केंद्रात मॅडमनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी दोषपत्राची वाट बघत होतो. मॅडम म्हणाल्या, "सर, मी सगळ्यांच्या वर्गांत बसले. खरं सांगते, मन खट्टू झालं. कार्यक्रमानंतर कुठेच काही हललेलं नाही. एक तुमचा वर्ग सोडून." त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्याकडे मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बोलतात. मी इथे आले तेव्हा, आधीच्या सत्राच्या शेवटी, तुमचा तास पाहिला होता, तेव्हा तुम्ही एकटेच बोलत होता. केंद्र चालू ठेवायचं की नाही, यावर वर बैठक आहे. माझ्याकडे दाखवायला तुम्हीच आहात. आपल्या कार्यक्रमातल्या कोणत्या भागाने हा बदल घडला, सर?"

कप शोधणारा सरांचा हात बशीच्या कडेवर थांबला होता. मीच घाईने म्हटलं, "तिसऱ्या दिवसाचा! तक्त्यांचा भाग!" ज्या तासाला सर नळाशी उभे होते, तोच नेमका माझ्या तोंडून निघाला.

मॅडमनी ते आनंदाने मानलं. आता सर्व शिक्षकांसमोर, कुलगुरूंच्या उपस्थितीत, सरांनी सभागृहात आपली पद्धत सांगायची असं ठरलं. आम्ही बाहेर आलो. मला वाटलं होतं संकट टळलं. सर भिंतीला टेकले. "आधी एका वर्गाले भीत होतो," म्हणाले. "आता सगळ्या गावासमोर उभं राहायचं आलं."

आदल्या दिवशी आम्ही रिकाम्या सभागृहात जाऊन आलो. पायऱ्या मोजल्या, टेबल कुठे, माईक कुठे, सगळं सरांनी चालून पाठ केलं. प्रत्यक्ष दिवशी बघतो तर कोणीतरी मंच सजवायला कुंड्या आणून ठेवलेल्या आणि टेबल डावीकडचं उजवीकडे गेलेलं. मी धावत वर गेलो, हार देण्याच्या निमित्ताने सरांना दंडाला धरून माईकपाशी नेलं. पहिल्या रांगेत कुलगुरू, शेजारी कुलसचिव. वंदनावहिनी भिंतीकडेच्या खुर्चीवर पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

सर हिंदीत छान बोलले. नकाशा बोलून दाखवायचा, प्रत्येकाने बोलायचं, सगळं सांगितलं. टाळ्या झाल्या. मॅडम मंचावर येऊन म्हणाल्या की हे आपल्या कार्यक्रमाचं फळ आहे, आणि कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

मागून उमेश उठला. वाणिज्य शाखेतला अतिथी विद्वान. ज्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, किंवा होत नाही, त्यांना आमच्याकडे असं भारदस्त नाव आहे. 'फरक नाही' म्हणून ज्यांची नावं वर जाणार होती त्यांत याचं नाव होतं, आणि अतिथी विद्वानाचं नाव एकदा वर गेलं की पुढच्या वर्षी अतिथी कोणी दुसराच असतो. "सर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "मैं भी वही पाँच दिन बैठा था. सगळं लिहून घेतलं. घरी जाऊन पाठ केलं. माझ्या वर्गात नाही झालं सर. माझ्यात काय कमी आहे, ते तरी सांगा."

सरांना तो दिसत नव्हता, पण त्या आवाजातली भीती त्यांनी ओळखली असणार. कितीतरी दिवस ते स्वतः तसेच बोलत होते. मी खालून हाताने नको नको करत होतो आणि ते त्यांना दिसणार नाही हे विसरलो होतो.

"तुझ्यात काही कमी नाही, बेटा," सर म्हणाले. इथून पुढे त्यांचं हिंदी सुटलं आणि ते घरच्या भाषेत बोलू लागले. "त्या पाच दिवसांत मीही काही नाही शिकलो. मले दिसत नाही. चेहरे दिसत नाही, अक्षर दिसत नाही. मॅडम मागे बसल्या काय ते समजावं म्हणून मी पोरांना बोलायला लावलं. नकाशे तपासता येत नव्हते म्हणून ऐकले. भीतीपायी केलं सगळं. यात कार्यक्रमाचं श्रेय नाही आणि तुझा दोष नाही."

मॅडमच्या हातातला माईक तसाच तोंडाशी राहिला. दाखवायला असलेली एकुलती एक गोष्ट त्यांच्या हातून गेली होती. मग सरांच्या वर्गातली मुलंही मुद्दाम बोलावली होती, त्यांच्या रांगेतून कोमल उभी राहिली. तिला रडू आवरत नव्हतं. "म्हणजे सर, माझे नकाशे तुम्ही कधी बघितलेच नाही?"

"ऐकले ना," सर म्हणाले. "सगळे ऐकले."

कुलसचिव उठले. ते वाईट माणूस नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त धडकी भरली. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही काळजी करू नका. आम्ही तुमची योग्य ती सोय करू."

सोय! मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता. मंचावर सरांनी माईकचा दांडा दोन्ही हातांनी पकडून ठेवला होता.

त्यानंतरच्या बैठकीत मी नव्हतो. पण तेजस्विनी मॅडम तिथे भांडल्या, हे शिपायापासून सगळ्यांनी ऐकलं. त्या म्हणाल्या की माझं मूल्यमापन एका बाबतीत चुकलं, मी कारण चुकीचं लावलं. पण वर्गात काय घडतं ते मी पाहिलंय, ते खोटं नाही. केंद्राचा कार्यक्रम नापास झाला असं मीच लिहून देते, उमेश आणि बाकीच्यांची नावं मागे घेते. नापास आम्ही झालो, ते नाही. पण या सरांना वर्गातून काढायचं असेल तर आधी त्यांचा वर्ग बघा. कुलसचिव म्हणाले, बघतो. बदलीचा कागद तयारच होता. फक्त सही राहिली होती.

या वेळी कुलसचिव कळवून येणार होते. वाटलं होतं त्याने भीती कमी होईल, पण ती वाढलीच. सकाळी स्कूटरवर सरांनी गेटपर्यंत माझा खांदा गच्च धरला होता. यादव सर खिडकीत होते. मी सांगितलं. सर थांबले, त्या दिशेला बराच वेळ हात धरून उभे राहिले, आणि मग म्हणाले, "तिथे आणखी एक खुर्ची मावते काय रे?" मला इतका राग आला की मी स्कूटर धाडकन स्टँडला लावली. कोणाचा राग ते सांगता येणार नाही.

माझा तास मी सोडून दिला आणि व्हरांड्यात त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो. कुलसचिव आणि तेजस्विनी मॅडम मागच्या बाकावर बसले. एरवी गोंगाट करणारी पोरं त्या दिवशी दगडासारखी गप्प. सर आत शिरले, फळ्याशी गेले, खडू घेतला. हातातून पडला. वाकून चाचपू लागले. कोमलने उठून तो उचलून त्यांच्या हातात ठेवला आणि जागेवर गेली. सर तो नुसता बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, झालं, आता हे बाहेर येणार आणि आपणहून त्या खोलीकडे चालू लागणार.

मग त्यांनी रोजच्यासारखी सुरुवात केली. पुढून एकेक जण बोलू लागला. कोणी इच्छापुरचा, कोणी धूलकोटचा. आवाज एकेक बाक मागे सरकत गेला आणि शेवटून दुसऱ्या बाकावर येऊन थांबला.

"मागच्या बाकावर कोण?" सरांनी विचारलं.

"मी तेजस्विनी, सर," मॅडम म्हणाल्या. त्या वर्गात त्या पहिल्यांदाच बोलल्या. "इच्छापुरची नाही, धूलकोटची नाही, मी पुण्याची. इथला पाऊस कुठून येतो ते मला अजून कळलेलं नाही." पोरं हसली.

"आणि तुमच्या शेजारी?"

कुलसचिवांनी घसा खाकरला. ते मूल्यमापन करायला आले होते, त्यांना कोणी काही विचारेल असं त्यांच्या स्वप्नातही नसणार. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला.

"कुठे राहता साहेब?"

"लालबागला."

"मग आमच्या गेटपासून तुमच्या घरापर्यंतचा रस्ता सांगा. कोमल, बेटा, तू फळ्यावर काढ. सर्वांनी लक्ष द्या. चुकलं की थांबवायचं."

मी खिडकीचा गज धरला. कुलसचिव उभे राहिले. रोज गाडीतून, मागच्या सीटवर बसून जाणारा माणूस. "गेटमधून डावीकडे," ते म्हणाले. "नाही, उजवीकडे. मग सरळ. मग तो पेट्रोल पंप येतो... की आधी पूल येतो?" कोमलने खडू उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. "सर, हे तर परत गेटमध्येच येऊन राहिले," ती म्हणाली. वर्गात हसण्याचा स्फोट झाला. कुलसचिवांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि एवढा मोठा माणूस बाकाची कड धरून नुसता उभा राहिला.

सर फळ्यापासून निघाले. दोन्ही बाजूंच्या बाकांना हात लावत, त्या आवाजाच्या दिशेने, थेट मागच्या बाकापर्यंत चालत गेले. आजवर ते तिथे कधी गेले नव्हते. खडूने माखलेला हात त्यांनी तसाच कुलसचिवांच्या खांद्यावर ठेवला.

"साहेब, घाबरू नका," सर म्हणाले. "पुन्हा गेटपासून सांगा. मी ऐकतो."